पावनीचं काय

टाचण्या ओठांत धरूनच पांडुरंगराव हत्तीच्या पाठीवर चढले.

अर्थात गोष्टीत. प्रत्यक्षात ते म्हैसूरच्या शिवरामपेठेतल्या आपल्या दुकानात कटिंगच्या टेबलापाशी उभे होते आणि समोर कुणाच्याशा लग्नातल्या ब्लाऊजची बाही पसरलेली होती. पण हत्ती दसऱ्याच्या मिरवणुकीतला होता, आभाळ भरून आलं होतं, आणि राजवाड्यातून निरोप आला होता की हत्तीला रेनकोट पाहिजे, तोही उद्या सकाळच्या आत. अशा घाईत टाचण्या काढून डबीत ठेवायला कुणाला सवड असते?

"टेप पुरेना," ते टेबलाखाली बघत म्हणाले. टाचण्यांमुळं त्यांचे शब्द गाळून आल्यासारखे बारीक येत होते. "शेवटी विहिरीचा दोर आणला. एक टोक महादेवरावाच्या हातात दिलं. म्हटलं, तू सोंडेपाशी उभा राहा आणि हलू नकोस. दुसरं टोक घेऊन मी शेपटीकडं निघालो. तर काय झालं, निम्म्या वाटेत..."

निम्म्या वाटेत त्यांना दिसलं की बाहीची खूण अर्धा इंच चुकली आहे. हत्तीला तिथंच सोडून ते खडू घेऊन वाकले. दुकानात शांतता झाली. शेजारच्या गिरणीचा पट्टा तेवढा फटफटत होता.

"काय?"

आवाज टेबलाखालून आला. पांडुरंगरावांनी खडू ठेवला आणि गुडघ्यावर हात टेकून ते खाली वाकले. पावनी घडी घातलेल्या दुपट्यावर नेहमीसारखीच बसली होती, मांडीत रिकामं रीळ. पण ती रिळाकडं बघत नव्हती. ती त्यांच्या तोंडाकडं बघत होती.

पावनी त्यांची नात, साडेचार वर्षांची. पहिला वाढदिवस यायच्या आतच तिला फिट येऊ लागल्या होत्या आणि तेव्हापासून तिचं सगळं उशिरानं येत होतं. मान उशिरा धरली. बसायला उशिरा लागली. भिंत धरून चालणं याच वर्षी आलं होतं, तेही भिंतीचा मूड चांगला असेल तर, असं पांडुरंगराव म्हणत. शब्द मात्र आलेच नव्हते. ती हं करायची, हसायची, कधी गळ्यातल्या गळ्यात काहीतरी घोळवायची. नाव घेऊन बोलावलं तरी बघेलच असं नव्हतं. मग एखाद्याच्या तोंडाकडं बघत उत्तराची वाट बघणं तर दूरच.

पांडुरंगरावांना पुढचं सांगायचं होतं. पण शेपटीपाशी पोचल्यावर काय झालं ते त्यांना आठवेचना. चाळीस वर्षं सांगत आलेली गोष्ट, आणि आठवेना. शेवटी ते म्हणाले, "हत्ती उठला."

पावनीनं मान खाली घातली आणि रीळ फिरवायला घेतलं.

*

संध्याकाळी पावनीची आई मधुमिता आली. ती हिनकलच्या एका शाळेत गणित शिकवते. दारात चप्पल काढता काढता तिचा पहिला प्रश्न ठरलेला असे, आणि तो औषधाबद्दल असे.

"मामा, दुपारची गोळी?"

"दिली."

"झोपली किती?"

"झोपलीच नाही. ऐक, मधुमिता, बस स्वल्प. आज तिनं मला विचारलं."

मधुमितानं पिशवीतला डबा बाहेर काढला. "विचारलं?"

"काय, म्हणून विचारलं. मी हत्तीचं सांगत होतो. थांबलो, तर म्हणाली, काय?"

मधुमिता सासऱ्यांकडं बघत राहिली. तिची काही चूक नव्हती. पांडुरंगरावांची सुई एकदा तलकाडच्या वाळूत पडली होती आणि पुढच्या वर्षी श्रीरंगपट्टणच्या एका माशाच्या पोटात दोऱ्यासकट सापडली होती. एका वकिलाच्या कोटाला त्यांनी इतका चांगला आतला खिसा लावला होता की वकीलच एकदा त्यात हरवले. विठ्ठलमंदिरात एकादशीच्या भजनाला त्यांच्या शेजारी बसणारी मंडळी या गोष्टी ऐकत, माना हलवत आणि टाळ वाजवत. कुणाचं काही बिघडत नव्हतं.

पण गेल्या दसऱ्यात पांडुरंगरावांनी सांगितलं की पावनी 'अज्जा' म्हणाली. ती खरंच म्हणाली होती, का त्यांना नुसतं तसं ऐकू आलं होतं, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. मुलगा विश्वेश म्हैसूरपाकाचे डबे घेऊन गल्लीभर फिरला. मग महिना दोन महिने गल्ली घरी येत राहिली. येणारा प्रत्येकजण पावनीसमोर उकिडवा बसे आणि म्हणे, अज्जा म्हण, अज्जा म्हण बघू. पावनी त्यांच्या शर्टाच्या गुंड्या बघत बसे. शेवटी मधुमितानं संध्याकाळचं दार लावून घ्यायला सुरुवात केली.

"मामा," मधुमिता म्हणाली, "शनिवारी डॉक्टरांकडं जायचंय. आठवतंय ना, अल्वा?"

आठवत होतं. पावनीला दोन औषधं होती. त्यातल्या एकानं फिट थांबत, पण मुलगी दिवसभर गुंगीत राही. डॉक्टरांनी ते हळूहळू कमी करायला घेतलं होतं. मधल्या काळात एक लहानशी फिट येऊन गेली. मधुमितानं घड्याळ लावून ती मोजली, पावनीला कुशीवर वळवलं, नाकात मारायचा फवारा बॉबिनच्या खणातून काढून हातात तयार ठेवला, पण तो वापरावा लागला नाही. पण डॉक्टर म्हणाले होते, मुलगी त्यामुळं खरोखर जागी होत असेल तर आपण थोडा धीर धरू. काहीच फरक नसेल तर उगाच धोका कशाला, पुन्हा पहिल्या डोसवर जाऊ. तुम्ही घरची माणसं, नीट बघा आणि मला सांगा.

आता घरची माणसं म्हणजे दिवसभर घरात असणारं माणूस एकच होतं. त्या माणसानं हत्तीला रेनकोट शिवला होता.

"मी सुम्मने सांगत नाही गं," पांडुरंगराव म्हणाले.

"उगाच सांगताय असं म्हणत नाही मी. पण तुम्ही दिवसभर काय म्हणता? तर काय झालं. तर काय झालं. दर वाक्याला. पोपटसुद्धा शिकेल. तिनं ते उचललं असेल."

"उचललं तर उचललं. शब्द तर आहे."

"शब्द नाही तो, मामा. तुमचा प्रतिध्वनी आहे."

पांडुरंगराव यावर काहीतरी बोलणार होते, पण त्यांच्या ध्यानात आलं की बोलायचं वाक्य 'काय'नंच सुरू होतंय.

*

गुरुवारी मधुमितानं अर्धी रजा टाकली आणि दोघं पावनीला घेऊन सिंचनाकडं गेले. सिंचना बोलायला शिकवणारी. वयानं लहान, कन्नड बोलणारी, आणि मुलांपेक्षा आयांशी जास्त सांभाळून वागणारी. तिच्या खोलीत एक निळी चटई होती आणि चित्रांच्या कार्डांची एक पेटी. मधुमिता आणि पांडुरंगराव भिंतीशी लहान मुलांच्या खुर्च्यांवर बसले. पांडुरंगरावांचे गुडघे छातीला लागले.

सिंचनानं मासा दाखवला. पावनी चटईची कड उचकटत राहिली. झाड दाखवलं. पावनीनं झाडाकडं बघितलं आणि पुन्हा चटई. मग सिंचनानं शेंडी असलेल्या नारळाचं चित्र पुढं केलं आणि गप्प बसून वाट बघू लागली.

पावनीनं नारळ बघितला. मग सिंचनाकडं बघितलं.

"काय?" ती म्हणाली.

सिंचनाचा हात हवेतच राहिला. "काई," ती मधुमिताकडं वळून म्हणाली. "ऐकलंत? तेंगिनकाई. नारळाला काई म्हणाली ती."

कन्नडमध्ये नारळ म्हणजे काई. म्हैसुरात देवळापुढं फोडतात ती काई, बाजारात बोटानं वाजवून घेतात ती काई. मधुमितानं पदर तोंडाशी नेला. साडेचार वर्षं ज्याची वाट बघितली ते एका सोलायच्या राहिलेल्या नारळाच्या रूपानं आलं होतं, आणि तिची त्याला काही हरकत दिसत नव्हती.

इथं पांडुरंगरावांनी आनंद करून घ्यायला हवा होता. चित्र आहे, शब्द आहे, शिकलेली साक्षीदार आहे. दुसरा थापाड्या असता तर त्यानं नारळासोबत केळीचा घडही पदरात पाडून घेतला असता.

"नाही, मॅडम," ते म्हणाले. "ती काई नाही म्हणाली. काय म्हणाली."

"तेच ना, अज्जा."

"तेच नाही. तुमची काई शेवटी खाली बसते. हिच्या 'काय'चं टोक वर होतं. आमच्यात 'एनु'ला काय म्हणतात. हे एनु, असं विचारतेय ती तुम्हाला."

"मामा," मधुमिता हळूच मराठीत म्हणाली, "नारळ तर नारळ. राहू द्या ना."

पण सिंचनानं ते मनावर घेतलं. तिनं नारळ बाजूला ठेवला आणि गाय दाखवली.

"काय?" पावनी म्हणाली.

छत्री.

"काय?"

सिंचनानं कार्डं मांडीवर ठेवली. पांडुरंगराव खुर्चीतून उठायच्या बेतात होते, पण खुर्चीही त्यांच्याबरोबर उठू लागल्यामुळं परत बसले. "बघा," ते म्हणाले. "प्रत्येकाचं विचारतेय."

"सगळ्याला एकच आवाज आहे," मधुमिता म्हणाली. तिनं पदर तोंडापासून काढून नीट खोचला होता. "गाईला तेच, छत्रीला तेच. असा आवाज ती झोपेतही काढेल."

सिंचनानं मांडीवरची कार्डं पुन्हा एकसारखी केली. कार्ड दाखवायचं आणि मूल काय म्हणतं त्याची वाट बघायची, हे तिचं काम होतं. त्यामुळं मघापासून ती पावनीच्या तोंडाकडं बघत होती आणि पावनी तिच्या. उत्तर कुणीच कुणाला दिलं नव्हतं.

"हे नारळही असू शकेल, प्रश्नही असू शकेल, नुसता आवाजही," ती शेवटी म्हणाली. "मी आज काहीच ठामपणे सांगणार नाही. तुम्ही एक बघा. नुसता आवाज असेल तर तो कधीही येईल. प्रश्न असेल तर तो कुणीतरी बोलताना थांबल्यावर येईल. ती तोंडाकडं बघेल. आणि उत्तर मिळालं की गप्प होईल. तिला म्हण म्हण करू नका. घरात आपोआप काय होतं तेवढं बघा."

रिक्षात मधुमिता पावनीला मांडीवर घेऊन बसली होती. अर्ध्या वाटेत तिनं पावनीच्या फ्रॉकची गुंडी लावली. मग म्हणाली, "मामा, शनिवारपर्यंत गोष्ट नको."

"एकही?"

"एकही नको. आणि तो शब्द तर नकोच. तुमच्या तोंडून गेलाच नाही आणि तरी तिच्या तोंडून आला, तर मी मानेन."

"गिऱ्हाइकाशी बोलायचं कसं मग?"

"कन्नडमध्ये बोला. एनु म्हणा."

विश्वेश घरी आला तेव्हा त्याला एवढंच कळलं की सिंचनाच्या मते पावनी 'काई' म्हणाली. तो तसाच परत बाजारात गेला आणि नारळ घेऊन आला.

"नारळ म्हणाली ना? मग खोबऱ्याच्या वड्या करायच्या," तो म्हणाला.

"आणि ती जर..." पांडुरंगराव त्या शब्दापाशी येऊन अडले. सुनेकडं बघून त्यांनी वाट बदलली. "आणि ती जर एनु म्हणाली असेल तर?"

"तर एनुच्या वड्या कशा करतात ते तुम्ही सांगा, अण्णा."

"वड्या आपल्या घरात खायच्या," मधुमिता म्हणाली. "गल्लीत एकही जाणार नाही. आणि डॉक्टरांकडं जाऊन आल्याशिवाय तर घरातही नाही."

नारळ स्वयंपाकघरात ओट्यावर जाऊन बसले.

*

ज्या माणसानं उभ्या जन्मात तीन वाक्यं ओळीनं खरी बोलली नाहीत त्याला गप्प बसवणं म्हणजे मशीन सोडून हातशिलाई करण्यासारखं आहे. काम होतं, पण माणूस वाकतो. पांडुरंगराव मापं घेत होते आणि अंगाला टेप लावून नुसते आकडे म्हणत होते. ब्लाऊज न्यायला आलेल्या तारा मावशी गोष्टीसाठी म्हणून नेहमीप्रमाणे स्टुलावर टेकल्या, थोडा वेळ वाट बघितली, आणि पैसे देऊन उठल्या. समोरचा महादेवराव, तोच दोराचं टोक धरणारा, दारातून डोकावला.

"काय रे, तब्येत बरी नाही का?"

पांडुरंगरावांनी ओठांवर बोट ठेवलं आणि टेबलाखाली पाहिलं. महादेवरावानं तो शब्द उच्चारला होता. पण पावनीनं मान वर केली नाही.

"बरी आहे," पांडुरंगराव म्हणाले. "तू जा."

महादेवराव गेला आणि त्यानं गल्लीत सांगितलं की पांडुरंगाचा घसा बसलाय.

पावनी दुपट्यावर बसून होती. जागी होती, हे कुणालाही दिसलं असतं. तिनं रीळ ढकललं, ते टेबलाच्या पायाला लागून परत आलं, पुन्हा ढकललं. एकदा टेबलाला धरून ती उभी राहिली आणि लोंबणाऱ्या कापडाला हात लावून बघितला. एकदा पांडुरंगराव मशीन थांबवून नुसते बसले आणि तिच्याकडं बघत राहिले. तीही त्यांच्याकडं बघत राहिली. ते काही बोलत नव्हते, तेव्हा त्यांच्या बोलण्यात थांबण्यासारखं काही नव्हतं. ती पुन्हा रिळाकडं वळली.

दुकानात कुणी नव्हतं. तिच्या तोंडून शब्द आला म्हणून सांगितलं असतं तर कोण तपासायला येणार होतं?

शुक्रवारी मधुमिताला यायला उशीर झाला. विश्वेश तिच्या आधी पोचला होता आणि आत किसणीवर खोबरं किसत होता, कारण डॉक्टरांकडून आल्यावर खायच्या वड्या आदल्या दिवशी केल्याशिवाय होत नाहीत, असा त्यानं युक्तिवाद लढवला होता. पांडुरंगराव टेबलापाशी होते. बाहीला अस्तर लागत होतं. ओठांत टाचण्या होत्या.

मधुमितानं गोळीचं विचारलं नाही. ती नुसती सासऱ्यांकडं बघत दारात उभी राहिली.

"नाही," पांडुरंगराव म्हणाले.

"एकदाही?"

"एकदाही नाही."

इतकं छोटं वाक्य त्यांच्या तोंडून तिनं कधी ऐकलं नव्हतं. पुढं काही येईल म्हणून ती जरा थांबली, पण ते अस्तर टाचत राहिले. तिनं पिशवी खुंटीला अडकवली.

"सरी, ठीक आहे," ती म्हणाली. "उद्या डॉक्टरांना तसं सांगते. काही फरक नाही म्हणून."

"सांग."

"पहिल्या डोसवर जाऊ म्हणतील."

पांडुरंगरावांनी एक टाचणी अस्तरात टोचली, काढली आणि परत त्याच जागी टोचली.

मधुमितानं फडताळातून सिरपची बाटली घेतली आणि पावनीजवळ खाली बसली. औषधाचा लहानसा कप हातात धरून त्याच्यावरच्या रेघेपर्यंत सिरप ओतायचं होतं आणि ती रेघ अंधुक झाली होती, म्हणून तिनं कप डोळ्यांसमोर नेला.

"उशीर झाला आज," पांडुरंगराव म्हणाले, काहीतरी बोलायचं म्हणून.

"बंद पडली," ती म्हणाली, आणि रेघ बघायला थांबली.

"काय?"

अस्तरावर टेकलेला पांडुरंगरावांचा हात तसाच राहिला. त्यांनी वळून पाहिलं नाही.

मधुमितानं कप हळूच खाली आणला. पावनीचं रीळ बाजूला पडलं होतं. तिचे डोळे आईच्या तोंडावर होते, आणि तोंड जरा उघडं होतं.

"बस," मधुमिता म्हणाली. तिनं आवाज नीट केला, वर्गात करते तसा. "बस बंद पडली. हुणसूरहून येते ती."

पावनीनं ते ऐकलं. मग खाली बघितलं, रीळ शोधलं, आणि हातात घेऊन त्याचं भोक तपासू लागली. दुसरा आवाज आला नाही. मधुमिता वाट बघत राहिली. किसणीचा आवाज तेवढा आतून येत होता. पावनी गप्प होती. तिला हवं ते मिळालेलं होतं.

मधुमितानं सासऱ्यांच्या पाठीकडं बघितलं. पाठ अगदी स्थिर होती. मग ती पावनीकडं वळली, जरा पुढं सरकली आणि म्हणाली, "हिनकल सोडलं, आणि..."

रीळ थांबलं. डोळे वर आले.

"काय?"

"टायर. टायरमधली हवा गेली."

डोळे खाली.

"मग आम्ही सगळे खाली उतरलो. आणि ड्रायव्हर..."

"काय?"

आता खरं एवढंच उरलं होतं की ड्रायव्हरनं फोन केला, दुसरी बस आली, आणि सगळे तिच्यात बसून आले. हे उत्तर बरोबर होतं, पूर्ण होतं, आणि त्यानंतर विचारण्यासारखं काही राहत नव्हतं. मधुमिताला ते जिभेवर आलेलं जाणवत होतं. समोर दोन डोळे तिच्या तोंडाकडं लागलेले होते. गुंगी नव्हती त्यांत. ते तिच्या पुढच्या शब्दाची वाट बघत होते, आणि यापूर्वी कधीच त्यांनी तिच्या कुठल्याही गोष्टीची वाट बघितली नव्हती.

"ड्रायव्हरनं," ती म्हणाली आणि अडखळली. तिनं पुन्हा एकदा टेबलाकडं पाहिलं. तिकडून काही मदत येईना. "ड्रायव्हरनं टायरमध्ये तंबाखू भरला."

पांडुरंगरावांनी ओठांतल्या टाचण्या एकेक करून काढल्या आणि उशीत खोचल्या. अशा वेळी तोंडात टाचण्या ठेवणं बरं नव्हतं.

"हुणसूरचा तंबाखू," मधुमिता म्हणाली. आवाज अजून गणिताचाच होता, जणू ती एखादी पायरी फळ्यावर लिहीत होती. "टपावर पोती होतीच. हवा नाही तर तंबाखू. टायर टम्म फुगलं. सगळे परत बसले. आणि बस निघाली, पण..."

ती थांबली. या वेळी मुद्दाम.

"काय?" पावनी म्हणाली. टोक वर होतं. एखाद्या नारळाला इतकं वर टोक नसतं.

"पण शिंकत निघाली. बस. दर थांब्याला एक शिंक. आणि शिंकली की मागचं दार आपोआप उघडायचं आणि एक माणूस खाली..."

"काय?"

पांडुरंगरावांना इथं फार बोलायचं होतं. कंडक्टरची शिट्टी होती, शिट्टीत गेलेला तंबाखू होता, रस्त्यावरचे बैल होते. त्यांनी ही बस एव्हाना राजवाड्यापर्यंत नेली असती. त्यांनी कात्री उचलली आणि उगाचच चिंधीचा एक तुकडा कापला. मग आणखी एक.

किसणीचा आवाज थांबला होता. विश्वेश दारात येऊन उभा होता, हात कोपरापर्यंत खोबऱ्यानं पांढरे. त्याला बस दिसत नव्हती, माणूस का पडतोय ते कळत नव्हतं. त्याला एवढंच दिसलं की बायको जमिनीवर बसली आहे, तिच्या हातातल्या औषधाच्या कपात सिरप तसंच आहे, आणि पावनी दोन्ही हात तिच्या गुडघ्यावर टेकून वर बघते आहे.

त्यानं वडलांकडं पाहिलं. वडलांनी खांदे उडवले.

"मधु," तो दबक्या आवाजात म्हणाला, "उद्या डॉक्टरांना काय सांगायचं ठरलं?"

मधुमितानं मान न वळवता मोकळा हात वर केला.

"स्वल्प थांबा," ती म्हणाली. "बस अजून म्हैसूरला पोचली नाही."